आईची तक्रार करणाऱ्या शरयूताई

मागच्या महिन्यात आमच्या संस्थेतल्या सगळ्या मावश्यांना आणि गाडीवरच्या माणसांना ठाण्याला नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये ट्रेनिंगसाठी नेलं होतं. एक तरुण मुलगी भिंतीवर चित्रं दाखवत समजावून सांगत होती. मुलाबरोबर बंद खोलीत एकट्याने थांबायचं नाही. कपडे बदलताना दोघीजणी हव्यात. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या अंगाकडे, जेवणाकडे, झोपेकडे लक्ष ठेवायचं. काही दिसलं तर आपण पोलीस व्हायचं नाही, पण लपवायचंही नाही.

माझ्या शेजारी बसलेली शेवंता कुजबुजली, "अगं, ही तर शरयूताईंचंच बोलतेय."

"हळू," मी म्हटलं. पुढच्या रांगेत आमचे अध्यक्ष बसले होते.

आमच्याकडे ताईंचं नाव मोठ्याने घेत नाहीत. कुणी मनाई केलेली नाही. पण घरातून पळून जाऊन लग्न केलेल्या मुलीचं नाव जसं जेवताना कुणी काढत नाही, तसं ते झालं आहे. त्या दिवशी घरी आले आणि लिहायला बसले. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, आणि चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. कागदावर तेवढं अवघड जात नाही.

आमची संस्था डोंबिवलीत मानपाड्याला, कारखान्यांच्या जवळ आहे. खाली लहान मुलांची शाळा, वर मोठ्यांची कार्यशाळा. ही मुलं वयाने वाढतात, पण अकलेने लहानच राहतात. कुणी वीस वर्षांचं, कुणी चाळिशीचं, तरी आम्ही सगळ्यांना मुलंच म्हणतो. ताईंना ते आवडायचं नाही. "बाबूराव पंचेचाळीस वर्षांचे आहेत, वत्सलाबाई. त्यांना मूल म्हटलं की आपण दार न वाजवता आत शिरतो," असं त्या म्हणायच्या. मलाही त्या मावशी म्हणायच्या नाहीत. मी कामाला लागले त्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्हाला नाव असेल ना?" तेव्हापासून मी वत्सलाबाई, आणि कायम 'तुम्ही'.

ताई आमच्या संस्थेच्या प्रमुख होत्या. उंच, हाडकुळ्या. लग्न केलेलं नव्हतं. नौपाड्यात भावाच्या घरी राहायच्या आणि तिथून रोज डोंबिवलीला यायच्या. खोलीत शिरण्याआधी त्या खाकरायच्या. खोली रिकामी असली तरी खाकरायच्या. नव्या आलेल्यांना वाटायचं, बाईंचा घसा खराब आहे. एका पालकाने त्यांना ज्येष्ठमधाच्या काड्या आणून दिल्या होत्या. त्यांनी त्या निमूट घेतल्या आणि आम्हा सगळ्यांना चघळायला वाटल्या. मग म्हणाल्या, "कुणाच्या नकळत कुणापाशी जायचं नाही. ज्याला मागे वळून बघायला वेळ लागतो, त्याच्याजवळ तर नाहीच."

त्यांचे नियम पुष्कळ होते, आणि ते सांगताना त्यांचा आवाज जराही वर जायचा नाही. दार लोटायचं, लावायचं नाही. हात लावण्याआधी विचारायचं, उत्तर येत नसलं तरी विचारायचं. कुणाला न्यायला रोजचं माणूस आलं नाही, तर फोन केल्याशिवाय पाठवायचं नाही. एकदा एका मुलाचा सख्खा मामा न्यायला आला, तर ताईंनी त्याला बाकावर बसवून ठेवलं. तो तापला. "मी काय पळवून नेणार आहे का भाच्याला?"

"नाही हो. पण पळवून नेणारासुद्धा मामा म्हणूनच येईल ना? पाणी घ्या."

आईचा फोन लागेपर्यंत मामा बसून राहिला. जाताना तो भाच्याला म्हणाला, "चल बाबा, जामीन झाला." ताई तेव्हा हसल्या. त्या हसल्या की एकदम वेगळ्याच दिसायच्या, शाळकरी मुलीसारख्या. पण असं फार वेळा व्हायचं नाही.

पुष्कळांना त्या कोरड्या वाटायच्या. आमच्याकडे एक आजोबा यायचे, बँकेतून निवृत्त झालेले. गोष्टी सांगायचे, चॉकलेटं द्यायचे, लहानांना मांडीवर घ्यायचे. मुलं त्यांची वाट बघायची. ताईंनी एक दिवस त्यांच्या शेजारी छोटी खुर्ची आणून ठेवली. "आजोबा, मांडीवर नको. खुर्चीवर बसवा."

आजोबांचा चेहरा पडला. "माझी नातवंडं आहेत ही, बाई."

"आहेतच. खुर्चीवर बसूनही नातवंडंच राहतील."

ते पुन्हा आले नाहीत. मला फार वाईट वाटलं. मी सहसा बोलत नाही, पण तेव्हा बोलले. "ताई, चांगले होते हो ते."

"मीही तेच म्हणते." त्या शिंकलेल्या एका मुलीला रुमाल देत होत्या. "वाईट आहेत असं मी म्हटलंच नाही. नियम चांगल्या माणसांनी पाळले, तर न पाळणारा उठून दिसतो. चांगल्यांनाच सूट दिली तर मी कुणाला कसं ओळखू?" थोड्या वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "यायला हवे होते ते. गोष्टी छान सांगायचे."

एक गोष्ट मात्र मी पहिल्यापासून पाहिली. ताईंची ही सगळी करडी नजर बाहेरच्यांसाठी होती. आयांना त्या कधी काही विचारायच्या नाहीत. एखादीने सकाळी मुलाला न्हाऊ न घालता पाठवलं, तर आम्हीच पुसून काढायचो. एखादी फीच्या वेळी तोंड चुकवायची, तर ताई स्वतःच दुसरीकडे बघायच्या. मी नवीन असताना एका आईच्या बोलण्यावर मी काही म्हणणार होते, तर ताईंनी मला डोळ्यांनीच थांबवलं. मग सांगितलं, "हिला आजवर प्रत्येकाने प्रश्न विचारलेत. पोटुशी असताना काय खाल्लंस, ग्रहणात बाहेर पडलीस का, तुझ्या माहेरी कुणी असं आहे का. डॉक्टरने विचारलं, सासूने विचारलं, रिक्षात शेजारी बसलेल्या बाईने विचारलं. एक जागा अशी असू दे, जिथे तिला कुणी विचारणार नाही."

आता मनूबद्दल सांगायला हवं.

मनू पंचविशी ओलांडलेली होती. बुटकी, गोल चेहऱ्याची, बारीक डोळ्यांची. कार्यशाळेत कागदी पिशव्यांना नाड्या ओवायची. शब्द थोडेच बोलायची, पण येईल त्याच्या गळ्यात पडायची. पोस्टमन आला तर त्याच्या, वीज मीटर बघणारा आला तर त्याच्या. ताईंनी मोठ्या चिकाटीने तिला गळ्यात पडण्याऐवजी टाळी द्यायला शिकवलं.

मनूची आई सुमनताई. नवरा गेल्यापासून ती लोकांना डबे करून द्यायची आणि आमच्या पालक सभेचं सगळं बघायची. हळदीकुंकू असो, सहल असो, सुमनताईचा आवाज सगळ्यात पुढे. तोंडाने फटकळ, पण मनाने मोकळी. मला पाहिलं की म्हणायची, "ही बघा आमची मुकी मैना!" आणि डब्यातला लाडू हातावर ठेवायची. ताईंची अशी थट्टा करायचं धाडस तिच्याशिवाय कुणालाच नव्हतं. मनूला टाळी द्यायला शिकवलं तेव्हा ती म्हणाली होती, "काय हो ताई, एवढ्या कशा कोरड्या तुम्ही? आमच्या मुलींचा विटाळ होतो की काय?"

"सुमनताई, मी बरी बाई आहे हे तुम्हाला कळतं. मनूला बरा कोण, वाईट कोण, हे निवडता येत नाही. तिला एवढंच शिकू दे की गळ्यात पडायचं ते फक्त आईच्या."

"म्हणजे सगळा भार माझ्याच मानेवर!" सुमनताई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

एका दुपारी मनूच्या अंगावर पाण्याची बाटली सांडली. कपडे बदलायचे म्हणून मी नियमाप्रमाणे ताईंना हाक मारली. ओला सदरा काढला तर उजव्या दंडावर, वरच्या बाजूला, काळपट गोल डाग दिसले. ताईंनी मनूला विचारलं, "हे काय गं झालं?" मनूने टाळीसाठी हात पुढे केला. तिला प्रश्न कळला नसेल किंवा उत्तर देता आलं नसेल.

संध्याकाळी सुमनताई आली तेव्हा ताईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं. "अहो, बिब्बा घातलाय," सुमनताई म्हणाली. "खांदा धरतो तिचा. सासूबाईंनी गावाहून पाठवला होता."

बिब्बा कुणाला नवा आहे? सुई तापवून बिब्ब्यात खुपसायची आणि त्याचं तेल दुखऱ्या जागी टेकवायचं. माझ्या आईने माझ्या घोट्याला घातला होता, त्याचा डाग अजून आहे. ताई म्हणाल्या, "माझ्या आईने गुडघ्याला घातला होता. असा उतला की पंधरा दिवस शाळा बुडाली. जपून घाला हो, सुमनताई." आणि दोघी आपापल्या आयांच्या औषधांबद्दल बोलत उभ्या राहिल्या. मीही ऐकत होते. माझ्याही मनात काही आलं नाही. एखादी आपल्या गावची नसलेली, बिब्बा ठाऊक नसलेली बाई तिथे असती, तर तिने कदाचित पुढचा प्रश्न विचारला असता.

पुढे काही दिवसांनी मनूच्या पोटरीवर तसेच डाग दिसले. तेव्हा विचारावंही लागलं नाही. ताई स्वतःच म्हणाल्या, "पाय पण धरतो वाटतं."

दसऱ्याच्या आधी आमच्याकडे पाटीपूजन असतं. मुलं पाटीवर सरस्वती काढतात, झेंडूची फुलं वाहतात. त्या वर्षी शेवंताने अगरबत्त्या पेटवल्या आणि एक मनूच्या हातात द्यायला गेली. मनू किंचाळली. तसा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ती मागे सरत सरत भिंतीला टेकली, दोन्ही दंड हातांनी झाकून घेतले आणि म्हणायला लागली, "नाय जानार. मनू नाय जानार. भाईर नाय जानार."

शेवंता अगरबत्ती धरून तशीच उभी. ताईंनी ती तिच्या हातातून घेतली आणि पाण्याच्या पेल्यात बुडवली. बाकीच्याही एकेक करून बुडवल्या. मग त्या मनूपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसल्या, आणि मनू शांत होईपर्यंत बसूनच राहिल्या. फुलं, पाट्या सगळं तसंच पडून होतं. मी ताईंकडे पाहिलं तर त्या मनूच्या दंडाकडे बघत होत्या. बिब्बा उतला की कातडी पसरत पसरत काळी पडते, आकार राहत नाही. हे डाग सगळे एका मापाचे होते, मुगाएवढे.

संध्याकाळी त्यांनी सुमनताईला ऑफिसात बोलावलं. मला थांबायला सांगितलं, कारण असं बोलणं एकटीने करायचं नाही हाही त्यांचाच नियम होता. दार लोटलं.

"सुमनताई, ते डाग बिब्ब्याचे नाहीत."

सुमनताई खुर्चीवर बसली. ती रडेल, नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. तिने दोन्हींतलं काही केलं नाही.

"नाहीत," ती म्हणाली. "अगरबत्तीचे आहेत. मग? आमच्या दारासमोरून दिवसभर टेम्पो आणि ट्रक जातात. हॉर्न वाजला की ही धावते. मी गॅसपाशी असते, मागे वळते तो पोरगी रस्त्यावर. एकदा एका ट्रकवाल्याने एवढ्याशा अंतरावर ब्रेक मारला. खाली उतरून मलाच थोबाडीत मारायला आला, आणि बरोबर होतं त्याचं. सांगून पाहिलं, बांधून पाहिलं. बांधलं की ओरडते, लोक जमतात. तिला शब्द कळत नाय, ताई. चटका कळतो."

"मनूला त्रास होतो."

"मला होत नाय? एक चटका दिला की दोन दिवस दाराकडे बघत नाय ती. दोन दिवस मी झोपते." मग तिचा आवाज चढला. "आणि हॉर्न वाजला की धावायचं हे तिला शिकवलं कुणी? तुम्हीच ना?"

ते खरं होतं. आमची गाडी सकाळी प्रत्येकाच्या दारात हॉर्न द्यायची. गाडीला खोळंबा होऊ नये म्हणून ताईंनीच मुलांकडून घोकून घेतलं होतं, हॉर्न वाजला की चप्पल घालायची आणि बाहेर यायचं. मनू ते सगळ्यांच्या आधी शिकली होती. गॅदरिंगला तिला त्याबद्दल बक्षीसही मिळालं होतं. पण कुठला हॉर्न आपल्या गाडीचा आणि कुठला नाही, हे शिकवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

ताई म्हणाल्या, "ते माझं चुकलं. उद्यापासून हॉर्न बंद. पण सुमनताई, हे मला कळवावं लागणार."

"कुणाला?"

"पोलिसांना."

सुमनताई हसली. "काय ताई, गंमत करता."

ताई हसल्या नाहीत. सुमनताईचं हसू कसं विरत गेलं ते मी पाहिलं. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण मला थांबायला सांगितलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. ते वाईट माणूस नाहीत, त्यांनी संस्थेसाठी पुष्कळ केलंय. त्यांनी ताईंना समजावलं. "शरयूताई, समज द्या आणि सोडून द्या. विधवा बाई आहे. पोटच्या पोरीला वाचवायलाच करत होती ना?"

"हो."

"मग?"

"गाडीवरच्या माणसाने असे चटके दिले असते, तर समज देऊन सोडलं असतं आपण?"

"ड्रायव्हर आणि आई काय एकच?"

"मनूच्या कातडीला एकच," ताई म्हणाल्या. "मी बाहेरच्या प्रत्येकाला बाकावर बसवून ठेवलं, अध्यक्षसाहेब. आईला एक प्रश्न विचारला नाही. मी पहिल्यांदा डाग पाहिले त्यानंतर पोटरीवरचे चटके दिले गेले. ते माझ्या डोळ्यांदेखत झाले असंच मी धरते. आणि तसंच मी पोलिसांनाही सांगणार."

त्यांनी तसंच सांगितलं. मी बरोबर गेले होते, डाग पाहणारी दुसरी मीच होते. पोलीस ठाण्यातल्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "मॅडम, माझी आई उलथण्याने हाणायची. मी काय तक्रार करायची का?"

"तुम्हाला आज सांगता तरी येतंय," ताई म्हणाल्या. बाईने पेन उचललं.

तक्रारीनंतर अधिकाऱ्यांनी मनूला काही महिने कल्याणच्या पुढे एका निवासी संस्थेत ठेवलं. स्वच्छ होती जागा, माणसंही बरी. ताई दर रविवारी जायच्या. दोनदा मला बरोबर नेलं. मनूच्या अंगावर नवा डाग नव्हता. पण ती वाळली होती. जेवणाचं ताट समोर आलं की मान फिरवायची आणि फाटकाजवळ जाऊन उभी राहायची. कुठेही हॉर्न वाजला की आधी पायात चप्पल घालायची. ताईंना पाहून ती एकच शब्द म्हणाली, "आई?" ताईंनी टाळीसाठी हात पुढे केला. मनूने दिली नाही.

परत येताना ताई रिक्षात म्हणाल्या, "वत्सलाबाई, मी तिला वाचवलं की काय केलं?" त्यांना उत्तर माझ्याकडून नको असावं.

इकडे सुमनताईचे डबे बंद झाले. कोण खाणार पोलीस ठाण्यात जाऊन आलेल्या बाईच्या हातचं? ती पालकांच्या एकेका घरी गेली आणि मोठमोठ्याने सांगत सुटली, "आज माझी नेली, उद्या तुमची नेतील." काहींनी मुलं पाठवणं थांबवलं. बाकीच्या आया यायच्या, पण दारातूनच मूल सोपवून जायच्या. पूर्वी ऑफिसात बसून त्या ताईंना सगळं सांगायच्या. रात्री झोप येत नाही, याला मारावंसं वाटतं, कधी कधी वाटतं आपल्या आधी हाच जावा. आता विचारलं तर म्हणायच्या, "सगळं बरंय." ताईंना यानेच सगळ्यात जास्त खचवलं. एकदा एका मुलाच्या गालावर ओरखडा होता. ताईंनी आईला विचारलं. ती म्हणाली, "मांजराने." ती गेल्यावर ताई माझ्याकडे वळल्या. "असेलही मांजर. पण मांजर नसतं, तर पूर्वी ते मला कळलं असतं. आता नाही कळणार." त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा न खाकरता खोलीत शिरताना पाहिलं.

तरी त्या स्वस्थ बसल्या नाहीत. गाडीचा हॉर्न बंद झाला, मदतनीस उतरून दाराशी जायला लागला. मग त्या अधिकाऱ्यांकडे खेपा घालू लागल्या, आता मनूला घरी पाठवा म्हणून. ज्यांनी तक्रार केली त्याच परत मागतात, म्हणून तिथले लोकही चक्रावले. "तक्रार आई वाईट आहे म्हणून नव्हती," ताई सांगायच्या. "चटके थांबावेत म्हणून होती. डब्यांच्या वाफेने त्यांना दार दिवसभर उघडं ठेवावं लागतं, आणि जाळीचं दुसरं दार नाही. इतक्या वर्षांत मी तेवढंही विचारलं नव्हतं."

शेवटी ठरलं. मनूने घरी यायचं. दर आठवड्याला सोशल वर्कर आणि माझ्यासारखी ओळखीची बाई जाऊन तिला बघणार. सुमनताईने समुपदेशनाला जायचं. आणि रस्त्याच्या बाजूला जाळीचं सेफ्टी डोअर बसवायचं. ते बसवताना ताई कारागिराला फोनवरून सूचना देत होत्या. कडी वर लावा, मनूचा हात पोचणार नाही अशी. मग थोड्या वेळाने परत फोन. "आणि घरात आग लागली तर? बाहेरून शेजारणीला उघडता येईल अशी करा." कारागीर मला म्हणाला, "बाई कोण आहेत हो? दार लावायचंय की उघडायचंय?"

सुमनताईने सगळ्या अटी मान्य केल्या, आणि आपली एक घातली. ती मला दारातच म्हणाली, "दार ठेवते मी. दार चांगलंय. पण ती बाई माझ्या उंबऱ्याला दिसता कामा नये. आणि मनू पुन्हा तुमच्या संस्थेत यायची नाय."

मी ते ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं." त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी संस्था सोडली. अध्यक्षांनी सोडायला लावली असं काही म्हणतात, त्यांनी आपणहून सोडली असंही म्हणतात. मला दोन्ही खरं वाटतं. निरोप समारंभ झाला नाही. त्या आपलं सामान एका कापडी पिशवीत भरून गेल्या. नाडी ओवलेली कागदी पिशवी शेवंताने पुढे केली होती, ती त्यांनी घेतली नाही. म्हणाल्या, "ती विकायची आहे ना?"

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. मी आठवड्याच्या भेटीसाठी सुमनताईकडे निघाले होते. सोशल वर्करला उशीर होणार होता, म्हणून रस्त्याच्या अलीकडे थांबले होते. तिथे एक पेरूवाला बसतो. त्याच्या हातगाडीच्या मागे, टेम्पोंच्या रांगेला टेकून एक उंच बाई उभी होती, डोक्यावरून पदर घेतलेली. ताईंना डोक्यावरून पदर घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून ओळखायला वेळ लागला.

"हाक मारू नका," त्या म्हणाल्या. "मनूने मला पाहिलं तर रस्ता ओलांडून येईल."

समोर सुमनताई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. शेजारी मनू. अंगाने भरली होती परत. दिवस उतरत होता आणि जाळीचं दार मागे सताड उघडं होतं.

"अंगावर काही?" ताईंनी विचारलं.

"नाही. तेव्हापासून एकही नाही."

"जेवते?"

"हो. कालवून दिलं तर जास्तच."

त्या पुढे काही विचारणार होत्या, तेवढ्यात आमच्या शेजारच्या टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. ओट्यावर मनू उठली. पायाने चपला चाचपायला लागली, एक सापडली, एक सापडेना. ताईंनी माझा दंड धरला, न विचारता, इतका घट्ट की दुखलं. आम्ही दोघी सुमनताईच्या हाताकडे बघत होतो. मेथीची जुडी खाली पडली आणि तो हात वर आला. मनूने मान आत घेतली, डोळे मिटले. मी ते स्पष्ट पाहिलं, आणि ताईंनीही पाहिलं असणार.

हात मनूच्या गाऊनच्या टोकाला लागला. सुमनताईने तिला ओढून खाली बसवलं आणि मेथीचा ढीग तिच्या मांडीवर लोटला. मनूने हळूहळू डोळे उघडले. मग एक काडी उचलली आणि पानं खुडायला लागली.

ताईंनी माझा दंड सोडला. "चुकून दुखवलं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "काही नाही." त्यांनी पदर आणखी पुढे ओढला आणि त्या टेम्पोंच्या मागच्या बाजूने, भिंतीला धरून चालायला लागल्या. एक टेम्पो संपला की दुसरा सुरू होईपर्यंत त्यांची पाठ दिसायची, मग जायची. प्रत्येक फटीपाशी त्या पाय उचलून घाईने पलीकडे होत होत्या, ओट्यावरून दिसू नये म्हणून. रांग लांब होती. शेवटच्या टेम्पोनंतर त्या मला दिसल्या नाहीत.